तंबाखूला चुना का लावतात?

काही वर्षांपूर्वी व्यसनमुक्तीवर बोलण्यासाठी आम्ही एका खेड्यातील माध्यमिक शाळेत गेलो होतो. सोबत मुखाच्या कर्करोगाची मोठी रंगीत चित्रे नेली होती. पहिले चित्र पाहून नववी-दहावीची मुले गप्प झाली. तिसऱ्या चित्राला मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. शेवटी एक मुलगा उभा राहिला. "सर, माझे आजोबा पन्नास वर्षं तंबाखू खातात, त्यांना काही झालं नाही. आणि तंबाखूला चुना का लावतात?"

त्या तासात विज्ञानाचा प्रश्न एकच निघाला, आणि तो आम्ही नव्हे, त्या मुलाने काढला. आमच्याजवळ उत्तर होते; पण ते सांगण्याची तयारी नव्हती. तयारी होती ती घाबरवण्याची.

घाबरवण्याची अडचण उघड आहे. तंबाखूचा कर्करोग व्हायला बहुधा वीस-तीस वर्षे जातात. चौदा वर्षांच्या मुलाला चाळिशी म्हणजे दुसरे युग वाटते. शिवाय तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही. पूर आलेल्या ओढ्यातून काही जण पार झाले म्हणून ओढा सुरक्षित ठरत नाही, हे खरे. पण मुलांच्या डोळ्यांसमोर पार झालेले आजोबाच असतात. म्हणून सुरुवात आज, पहिल्या चिमटीपासून काय होते तिथून करावी.

हळदीचा प्रयोग

निकोटिन हा तंबाखूतील मुख्य मादक पदार्थ. तो स्वतः आम्लारिधर्मी आहे. पानात तो बराचसा आम्लांशी जोडलेल्या क्षाराच्या रूपात असतो. या रूपातील त्याचे रेणू विद्युतप्रभारित असल्यामुळे तोंडाच्या आतील अस्तरातून सहज पार होत नाहीत. चुना आम्लारिधर्मी आहे. तो चोळला की सामू वाढतो आणि निकोटिन मोकळे होते. सामू ७ असताना शंभरातील सुमारे ९ रेणू मोकळे असतात. सामू ९ झाला की सुमारे ९१. तंबाखू तेवढीच, पण रक्तात वेगाने शिरू शकणारे निकोटिन कितीतरी पटींनी जास्त. चुना हे त्या कुलपाची किल्ली आहे.

वर्गात तंबाखू आणण्याची मुळीच गरज नाही. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी घ्यावी व तिच्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. पट्टी लाल होते. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. (निवळी डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.) आम्लाने एक रूप आणि आम्लारीने दुसरे, हे मुले डोळ्यांनी पाहतात. निकोटिनचेही तसेच होते, फक्त ते दिसत नाही.

तलफ कुठून येते?

रक्तातून निकोटिन मेंदूत जाते. तेथे ॲसिटिलकोलिन या आपल्याच शरीरातील संदेशवाहकासाठी ठेवलेल्या जागी ते बसते आणि डोपामिन स्रवते; बरे वाटते. रोज असे होऊ लागले की मेंदू या जागांची संख्या वाढवतो. मग त्या रिकाम्या राहिल्या की चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पुन्हा चिमूट घेतली की शांत वाटते. 'तंबाखूने डोकं चालतं' असे म्हणणाऱ्याला हे सांगावे, की तंबाखूने आधी बिघडवलेलेच ती थोडा वेळ दुरुस्त करते. मेंदूचा सारासार विचार करणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून किशोरवयात लागलेली सवय अधिक घट्ट बसते.

तीन बोटे

सुपारीला मुले व्यसन मानतच नाहीत. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीने तोंडाचे अस्तर निबर होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड कमी उघडते. हे तरुण वयातही घडते. स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का, हे प्रत्येकाला घरी आरशासमोर पाहायला सांगावे. वर्गात सर्वांसमोर तपासू नये. एखाद्याची बसली नाहीत तर त्याला निमूटपणे दंतवैद्याकडे न्यावे; प्रार्थनेच्या वेळी त्याचे नाव पुकारू नये. नाव पुकारले की पुढचा मुलगा लपवायला शिकतो.

आपली बाजू

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे जेमतेम ४ टक्के होते. तरी आपल्या भित्तिपत्रकांवर सिगारेटच अधिक दिसते. घरी आजी सकाळी मशेरी लावते, ती मुलाच्या लेखी दात घासणे असते. तिला वर्गात दोषी ठरवले, तर मूल आजीची बाजू घेईल आणि ते योग्यच आहे. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू, एवढे शांतपणे सांगावे. आजीला काय सांगायचे ते नातू ठरवील.

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड. काही शाळांत शिक्षकच मुलाला टपरीवर पुडी आणायला पाठवतात. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही, ही बाब बाजूला ठेवली तरी त्या एका फेरीत आपले सारे धडे पुसले जातात. ज्यांना स्वतःला सोडायची आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. 'मलाही सोडणं जड जातंय' असे प्रामाणिकपणे सांगणारा शिक्षक मुलांना अधिक पटतो.

एका प्रयोगाने व्यसन थांबते असा आमचा दावा नाही. पण त्या शाळेत पुन्हा जाऊ तेव्हा चित्रांची गुंडाळी घरी ठेवू. हळद, चुना आणि एक लिंबू बरोबर नेऊ.