हाताच्या मापाची मूठ

‘खास महिलांसाठी’ असं लिहिलेली वस्तू बाजारात आली की ती तीन गोष्टींवरून ओळखावी. ती लहान असते, हलकी असते आणि तिची डबी फार सुंदर असते! जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हाही हेच झालं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं, त्यानंतरच्या ‘निर्भया’ या नावाची आठवण ठेवून हे नाव दिलेलं. पॉइंट ३२ बोअर, सहा गोळ्या, वजन फक्त ५०० ग्रॅम, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. आणि ठेवायला दागिन्यांच्या पेटीसारखी मरून रंगाची पेटी.

त्या वेळी चर्चा झाली ती किमतीची आणि बाईनं शस्त्र बाळगावं की नाही याची. दोन्ही प्रश्न रास्तच. पण ते हातात धरून बार काढला तर मनगटाला काय होतं, मूठ हातात बसते का, हे फारसं कुणी बोलताना ऐकलं नाही.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो त्याला कारण आहे. आमच्या मंडळात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली येतात. महाराष्ट्रात पोलीस दलात महिलांना ३० टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे गावोगावच्या मुली पहाटे उठून मैदानावर पळताना दिसतात. धावणं, गोळाफेक याची त्यांना भीती नाही. पण, “काकू, फायरिंगला हात मागे उडतो म्हणे. माझं मनगट एवढंसं. मला जमेल का?” हा प्रश्न हमखास येतो. मग मी माहिती काढायला बसले. वाचलं, आणि ओळखीतल्या एका निवृत्त महिला फौजदारांना गाठलं.

आधी धक्का म्हणजे काय ते बघू. शाळेत आपण न्यूटनचा तिसरा नियम घोकला होता, क्रियेइतकीच प्रतिक्रिया. गोळी पुढे जाते, तशी शस्त्राला मागे ढकलते. शस्त्र जड असेल तर ते सावकाश मागे येतं, हलकं असेल तर झटक्यानं. जड पाटा वाटताना जागचा हलत नाही आणि हलका सगळ्या ओट्यावर फिरतो, तसंच हे. एक किलोच्या शस्त्रातून उडवलेलं काडतूस तेवढ्याच जोराचं अर्ध्या किलोच्या शस्त्रातून उडवलं, तर मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट. म्हणजे ‘बायकांसाठी हलकं’ हे पर्समध्ये ठेवायला सोयीचं, पण हाताला सोयीचं नव्हे. ‘निर्भीक’चं काडतूस सौम्य आहे म्हणून निभावतं, एरवी हे गणित उलटंच पडतं.

हे गणित खरं कळतं ते अमेरिकेतल्या मोठ्या रिव्हॉल्व्हरांकडे बघून. तिथे शिकारी आणि अस्वलांच्या जंगलात फिरणारे लोक ती बाळगतात. १९५५ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन कंपनीनं पॉइंट ४४ मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. लांब नळीचं ते शस्त्र साधारण १३०० ग्रॅमचं, तरी धट्ट्याकट्ट्या पुरुषांचेही हात दुखवतं. पुढे त्याच काडतुसासाठी हलक्या धातूंचं, सुमारे ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर निघालं. वागवायला सुख, पण उडवायला शिक्षा, अशी त्याची ख्याती. आणि २००३ मध्ये याहून कितीतरी ताकदीचं पॉइंट ५०० मॅग्नम आलं, तेव्हा कंपनीनं काय केलं? लांब नळीचं शस्त्र दोन किलोंच्या घरात नेलं, मुठीला मागचा धातू झाकणारं मऊ रबर लावलं आणि नळीच्या टोकाशी गॅस वर सोडायची सोय केली. गंमत बघा. दणकट पुरुषांचा हात दुखू नये म्हणून एवढी काळजी, तीही शस्त्र जड करून!

आता मुठीकडे येऊ. नळी हाताच्या वर असते, म्हणून रिव्हॉल्व्हर नुसतं मागे येत नाही, नाक वर करून उसळतं. हात जितका वर, नळीच्या जवळ, तितकी उसळी कमी. त्यातही मुठीच्या आकारावर बरंच अवलंबून असतं. १८७३ च्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरची मूठ वाकडी, गोलसर आहे. अमेरिकेत तिला नांगराच्या रुमण्याची उपमा देतात. बार झाला की ती हातातल्या हातात फिरते आणि धक्का थोडा त्यात जिरतो. पण दर बाराला पकड नव्यानं घ्यावी लागते. सरळ, भरीव मुठीत शस्त्र फिरत नाही, मात्र धक्का थेट तळव्यात येतो.

तो धक्का किती लागणार हे जागेवर ठरतं. मूठ अरुंद आणि कडक असेल तर सगळा जोर बोटभर जागेत घुसतो. रुंद आणि मऊ असेल तर तळहातभर पसरतो. बादलीची कडी बोटात रुतते, तीच चिंधी गुंडाळून धरली की रुतत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण म्हणून मोठी मूठ चांगली, असंही नाही. बहुतेक मुठी पुरुषाच्या पंजाच्या अंदाजानं केलेल्या असतात. लहान हाताच्या बाईचं बोट चापापर्यंत पोचत नाही, मग ती हात फिरवून बोट पुढे नेते. इथेच घात होतो. धक्का अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीत बसायचा, तो अंगठ्याच्या सांध्यावर बसतो. सांधा सुजतो, नेम चुकतो. त्यासाठी साधी परीक्षा आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली, रिकामं शस्त्र सुरक्षित दिशेला धरायचं. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका सरळ रेषेत यायला हवा, आणि त्याच वेळी बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोचायला हवं. दोन्ही एकदम साधत नसेल तर ती मूठ आपली नाही.

फौजदारताईंची गोष्ट मात्र उलटी होती. “आमच्या वेळच्या पॉइंट ३८ ची लाकडी मूठ खाली निमुळती, गुळगुळीत,” त्या सांगत होत्या. “पावसाळ्यात घामेजल्या हातात ती फिरायची. चापामागच्या पोकळीत मधल्या बोटाला दणका बसायचा. माझ्या गोळ्या भलतीकडे जायच्या, आणि मागून आवाज यायचा, बायकांचं काम नव्हे हे. एका जुन्या हवालदारांनी ते बघितलं. काही न बोलता सायकलच्या ट्यूबची पट्टी आणली, मुठीवर गुंडाळली, ती पोकळी भरली. म्हणाले, आता मारा. त्या दिवशी माझे नेम बसले. मनगट कालचंच होतं हो!”

ही गोष्ट मी आता प्रत्येक मुलीला सांगते.

बाकीचं काम सरावाचं. ताईंनी सांगितलेल्या आणि वाचनात आलेल्या गोष्टी थोडक्यात देते :
- दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, पण हात थरथरेल इतकं आवळायचं नाही. कोपरं किंचित सैल, अंग थोडं पुढे झुकलेलं.
- दुसऱ्या हाताचा अंगठा फिरत्या चक्रीच्या पुढच्या फटीजवळ न्यायचा नाही. तिथून तापलेला गॅस बाहेर पडतो.
- त्या हातातली अंगठी, बांगड्या आधी काढून ठेवायच्या.
- कानाला संरक्षण आणि डोळ्यांना चष्मा हवाच. निम्मी दचक आवाजाचीच असते.
- सुरुवात सौम्य काडतुसानं. पॉइंट ३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पॉइंट ३८ स्पेशल चालतं, पॉइंट ४४ मॅग्नममध्ये पॉइंट ४४ स्पेशल. उलटं मात्र कधीच नाही.
- शिक्षक मधूनमधून खोटं काडतूस घालतात. बार न होताही हात खाली गेला, तर आपण आधीच दचकतोय हे कळतं.
- हात दुखायला लागला की थांबायचं. गरोदरपणी शिसं आणि आवाज या दोन्हींमुळे रेंजपासून लांबच राहायचं.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिथलं काडतूस छोटं, पॉइंट २२ चं, धक्काही थोडाच. तरी या खेळात पिस्तुलाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ खेळाडूच्या पंजाबरहुकूम करून घेतात. कुठे कानशीनं घासतात, कुठे लुकण भरतात. अगदी ब्लाऊजच्या मापासारखं! एवढ्याशा धक्क्यासाठी तिथे हाताचं माप घेतात, मग खाकी वर्दीतल्या मुलीच्या हाताचं का घेऊ नये?

मैत्रिणींनो, हे वाचून शस्त्र घ्यायला निघा असं मी मुळीच म्हणत नाही. परवान्याशिवाय ते जवळ ठेवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, आणि मुलंबाळं असलेल्या घरात ते कुलपाबाहेर असणं त्याहून वाईट. माझं म्हणणं वेगळंच आहे. शेतातला विळा असो, शिवणाची कात्री असो नाहीतर सरकारी रिव्हॉल्व्हर, हाताला घट्टा पडला, नेम चुकला की आपण पहिल्यांदा आपल्याच हाताला नावं ठेवतो. पुढच्या वेळी आधी मूठ तपासा. आणि तुमची लेक भरतीला निघाली असेल तर तिला सांगून ठेवा, “मूठ हातात बसत नसेल तर साहेबांना तसं स्पष्ट सांग. गप्प बसून हात सुजवून घेऊ नकोस.”