कुटुंबनियोजन आणि शाश्वत विकास : कार्य अद्याप संपलेले नाही

विश्वस्त मंडळाच्या सभेत आणि देणगीदारांच्या पत्रव्यवहारात अलीकडे एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. देशाचा जननदर खाली आला आहे, महाराष्ट्राचा तर देशाच्या सरासरीपेक्षाही कमी आहे. मग धर्मादाय रुग्णालयाने कुटुंबनियोजनाच्या कार्यावर खर्च करीत राहण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. देणगीतील प्रत्येक रुपयाचा विनियोग कोठे आणि का होतो, हे जाणून घेण्याचा देणगीदारांना अधिकारच आहे. त्या दृष्टीने या विषयाची जागतिक पार्श्वभूमी व आपल्या राज्यातील स्थिती वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

मुंबईतील प्रारंभ

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवीत राहिले. या कार्यापायी त्यांना नोकरी गमवावी लागली व न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली होती. पुढे १९५२ साली याच मुंबईत भरलेल्या परिषदेत कुटुंबनियोजनाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली. त्याच वर्षी भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा शासकीय कार्यक्रम स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश होय.

कर्वे यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी स्त्रीचे आरोग्य व तिचे स्वातंत्र्य होते. शासकीय कार्यक्रमात मात्र हळूहळू लोकसंख्येच्या आकड्याला अग्रस्थान मिळाले. जिल्ह्याला, तालुक्याला, प्रत्येक कर्मचाऱ्याला शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठरवून दिले जाऊ लागले. आणीबाणीच्या काळात याचा अतिरेक झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी अनेक सक्तीने वा दडपणाखाली झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्यास राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव 'कुटुंब कल्याण' असे झाले. परंतु लोकांच्या मनात बसलेली धास्ती नाव बदलल्याने गेली नाही. पुरुष नसबंदीविषयीचा आजचा संकोच काही अंशी त्या काळाचा वारसा आहे.

कैरो येथील वळण

१९७४ साली बुखारेस्ट येथे भरलेल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. करण सिंह यांनी विकास हेच उत्तम संततिनियमन असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी या विचाराकडे अनेकांनी केवळ घोषणा म्हणून पाहिले. वीस वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, कैरो येथे लोकसंख्या व विकास या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि १७९ देशांनी एका कृतिकार्यक्रमास मान्यता दिली. त्याचा गाभा साध्या शब्दांत असा : किती मुले व्हावीत, कधी व्हावीत, हे ठरविण्याचा अधिकार त्या दांपत्याचा व व्यक्तीचा आहे, शासनाने त्यांना माहिती, साधने व सुरक्षित सेवा द्यावी, सक्तीस स्थान असू नये.

याच परिषदेत 'प्रजनन आरोग्य' ही व्यापक संकल्पना रूढ झाली. गर्भनिरोधनासह सुरक्षित मातृत्व, वंध्यत्वाची तपासणी, प्रजननमार्गाचे व लैंगिक संबंधातून होणारे आजार आणि किशोरवयीनांचे आरोग्य हे सारे तीत येते. भारताने एप्रिल १९९६ पासून गर्भनिरोधनाच्या साधनांची वरून ठरविलेली उद्दिष्टे रद्द केली, १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू केला आणि २००० साली राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले.

विकासाच्या उद्दिष्टांत स्थान

२००० साली ठरलेल्या सहस्रक विकास उद्दिष्टांत माता आरोग्याचा समावेश होता. प्रजनन आरोग्याची सेवा सर्वांपर्यंत पोहोचविण्याचे लक्ष्य मात्र त्यांत काही वर्षांनी जोडावे लागले. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली, तेव्हा ही उणीव आरंभीच भरून काढण्यात आली. आरोग्यविषयक तिसऱ्या उद्दिष्टात, जगातील मातामृत्यूचे प्रमाण २०३० पर्यंत दर लाख जिवंत जन्मांमागे ७० च्या खाली आणावे आणि कुटुंबनियोजनासह प्रजनन आरोग्यसेवा सर्वांना उपलब्ध व्हावी, असे म्हटले आहे. स्त्री-पुरुष समानतेच्या पाचव्या उद्दिष्टात प्रजननविषयक अधिकारांचा स्वतंत्र उल्लेख आहे.

एकच विषय दोन उद्दिष्टांत का, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण व्यवहारातील आहे. मुलीचे लग्न अठराच्या आत झाले की शिक्षण सुटते, पहिले बाळंतपण लवकर येते, रक्तक्षय असलेल्या शरीरावर ताण पडतो, बाळ कमी वजनाचे जन्मते आणि घरचा खर्च औषधोपचारात जातो. उलटपक्षी, एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाळता आली, तर माता व बालक दोघांनाही सावरण्यास अवधी मिळतो. आरोग्य, शिक्षण, पोषण आणि कुटुंबाची मिळकत ही चार खाती येथे एकमेकांस जोडलेली आहेत.

पर्यावरणाच्या संदर्भात एक सावधगिरी आवश्यक आहे. निसर्गावरील भाराचा दोष केवळ गरीब कुटुंबांच्या मुलांच्या संख्येवर टाकणे अन्यायाचे होईल. माणशी उपभोग श्रीमंत देशांत व श्रीमंत घरांत कितीतरी अधिक आहे. प्रजनन आरोग्यसेवेचे समर्थन स्त्रीच्या अधिकारावर व आरोग्यावर उभे असावे. तिला निर्णयस्वातंत्र्य मिळाले की लोकसंख्येची वाढ आपोआप मंदावते, हा केरळ व तमिळनाडूचा अनुभव आहे.

आकडे काय सांगतात

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, भारताचा एकूण जननदर स्त्रीमागे २.० होता आणि महाराष्ट्राचा १.७. जननदर साधारण २.१ असला की एक पिढी तितक्याच संख्येच्या पुढील पिढीस जागा देते. म्हणजे आपण ती रेषा ओलांडली आहे. तरीही देशाची लोकसंख्या आणखी काही दशके वाढत राहील, कारण आज अपत्यप्राप्तीच्या वयात असलेल्यांची संख्याच मोठी आहे. २०२३ मध्ये भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकले. ज्या चीनने १९८० पासून २०१५ पर्यंत एक अपत्याचे धोरण कठोरपणे राबविले, तो आता घटत्या लोकसंख्येच्या चिंतेत आहे, हेही ध्यानात ठेवावे.

सरासरीच्या आड दडलेल्या काही बाबी अधिक महत्त्वाच्या आहेत. त्याच सर्वेक्षणानुसार देशातील ९.४ टक्के विवाहित स्त्रियांना गर्भधारणा लांबवायची किंवा थांबवायची होती, पण त्या कोणतेही साधन वापरीत नव्हत्या. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील पाचपैकी एकीहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले होते, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता.

सर्वांत बोलका आकडा नसबंदीचा आहे. देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीवर विसंबणाऱ्या दांपत्यांचे प्रमाण मात्र ०.३ टक्के. वस्तुतः बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी शस्त्रक्रिया असून पुरुष त्याच दिवशी घरी जातो. पहिले तीन महिने दुसरे साधन वापरणे व त्यानंतर तपासणी करून घेणे, एवढीच दक्षता लागते. तुलनेने अवघड शस्त्रक्रिया मात्र स्त्रीच्याच वाट्याला येते. म्हणजे जननदर उतरला, परंतु त्याचा भार जवळजवळ एकट्या स्त्रीने उचलला.

तो भार कधी कधी जिवावर बेततो. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या, आणि त्या दिवसांतील शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. उद्दिष्ट कागदावरून गेले तरी संख्येची घाई व्यवस्थेतून लगेच जात नाही, हा या घटनेचा धडा आहे.

दुसऱ्या बाजूस समाधानाच्या गोष्टीही आहेत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. साधनांचे पर्यायही वाढले आहेत. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेली संप्रेरकविरहित 'छाया' गोळी, आणि प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसविता येणारी तांबी ही साधने शासकीय कार्यक्रमात उपलब्ध आहेत. पर्याय आहेत, ते समजावून सांगण्यास निवांत वेळ देणारी व्यक्ती हवी.

रुग्णालयाचे कर्तव्य

येथे प्रशासनाच्या दृष्टीने एक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. राज्यातील धर्मादाय रुग्णालये आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात, तसेच १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतात. ही तरतूद मोलाची आहे. पण तिचा हिशेब बिलावर व खाटेवर चालतो. समुपदेशनाला खाट लागत नाही आणि त्याचे बिलही होत नाही. एका स्त्रीशी, शक्य तर तिच्या पतीशीही, अर्धा तास बोलणे, सासूबाईंच्या शंका ऐकून घेणे, तांबी बसविल्यावर रक्तस्राव वाढला तर तिला परत यावेसे वाटेल इतका विश्वास देणे, या कामाची नोंद उत्पन्नाच्या बाजूस कोठेही होत नाही. काटकसरीची वेळ आली की नेमक्या याच खर्चावर प्रथम नजर जाते.

जागतिक निधीची स्थितीही अनुकूल नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्याचा मोठा भाग बंद केला व त्यात कुटुंबनियोजनाच्या साहाय्याचाही समावेश होता. भारताचा कार्यक्रम मुख्यत्वे स्वतःच्या तिजोरीतून चालत असल्याने येथे थेट परिणाम मर्यादित आहे. परंतु असे कार्य अखेर स्थानिक आधारावरच उभे राहावे लागते, ही जाणीव त्यातून व्हावी.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. जननदर कमी करणे एवढाच हेतू असता, तर हे कार्य आटोपते घेण्यास हरकत नव्हती. परंतु जिला दोन वर्षे अंतर हवे आहे तिला ते मिळावे, जिला मूल हवे असूनही होत नाही तिची तपासणी व्हावी, जिला नसबंदी नको आहे तिला दुसरा पर्याय मिळावा, आणि पुरुषानेही आपला वाटा उचलावा, या चार गोष्टी अद्याप साध्य व्हावयाच्या आहेत. रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती की, प्रसूतीपूर्व तपासणीस येताना पतीने सोबत यावे व शंका मोकळेपणाने विचाराव्यात. ही माहिती गोपनीय राखली जाते. देणगीदारांस विनंती की, यंत्रसामग्रीइतकेच समुपदेशकाच्या वेतनासही आपल्या दानाचे पात्र मानावे. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, या कार्यावर ती लावता येत नाही. तरीही ज्या घरात आई सुदृढ राहते, त्या घरी आपले दान पोहोचलेले असते.