‘तेच’ आणि ‘तसंच’ : जुन्या फियाटच्या आतलं अस्सल सामान

मंडळी, गेल्या वेळी आपण ‘तेच’ आणि ‘तसंच’ या दोन शब्दांपाशी थांबलो होतो. आज तो फरक जुन्या गाडीच्या आत बसून तपासू. सौंदड हमरस्त्यावरचं गाव, तेव्हा गॅरेजवाले, सीटकव्हरवाले, भंगारवाले आपल्या ओळखीचे आहेत. जुन्या फियाटला हौशी लोक हल्ली चांगले पैसे मोजतात. त्यामुळे ‘आतलं सगळं ओरिजनल आहे हो’ या वाक्यालाच भाव आलाय.

अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅक जीटीओसारख्या ताकदवान जुन्या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. तिथे इंजिनामागच्या पत्र्यावर एक छोटी पाटी असते आणि आतल्या सजावटीचा सांकेतिक क्रमांक त्या पाटीवर मिळतो. कधीकधी तर सीटच्या स्प्रिंगांत कारखान्याचा जोडणीचा कागदच सापडतो! आपल्या आरसी बुकात चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो. सीटचं रेक्झिन कोणत्या रंगाचं होतं, हे त्यात कोण लिहिणार? म्हणून आपल्याला वस्तूलाच विचारावं लागतं.

पहिला प्रश्न काळाचा. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘डिलाइट’ निघाली. १९७२ मध्ये ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. त्याआधीची ती ‘डुक्कर फियाट’. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागरी मागे आणि कुलूप पुढे. डिलाइटमध्ये हे उलटलं, म्हणून एकीच्या पुढच्या दाराचं पॅड दुसरीला सरळ बसायचं नाही. तसंच १९७५ च्या पद्मिनीत आत ‘फियाट’ असं चिन्ह दिसलं तर शंका घ्यावी. कुणीतरी हौसेनं लावलेलं असू शकतं.

पण काळ जुळला म्हणजे भाग त्याच गाडीचा, असं होत नाही. कारखान्यातलाच जुना, न वापरलेला भाग परवा आणून बसवला तरी काळ जुळतोच. तो भाग खरा, पण या गाडीचा नव्हे. हा घोटाळा इथेच होतो, आणि बहुतेक वेळा तो फसवणुकीपेक्षा शब्दांच्या ढिलाईनं होतो.

मग ओळखायचं कसं? आमच्या मते सर्वांत भरवशाची खूण दोन भागांच्या मध्ये असते. काच फिरवायचं हँडल काढा. चाळीस वर्षं ते त्याच पॅडवर असेल, तर रेक्झिनवर त्याच्या मापाचं वर्तुळ उमटलेलं असतं आणि त्याखालचा रंग उन्हानं उडालेला नसतो. वर्तुळ हँडलपेक्षा मोठं असेल तर दोघांपैकी एक जण पाहुणा आहे. पॅड उलटं करून बघा. शिवणीच्या, खिळ्यांच्या भोकांच्या दोन रांगा दिसल्या तर कुणीतरी एकदा उसवून पुन्हा मढवलंय. आणि चकाकी? तिचा पुरावा सगळ्यात कमजोर. उलट जस्ताच्या ओतीव भागावरच्या क्रोमला वयानुसार बारीक पुटकुळ्या येतात, प्लॅस्टिकच्या नकलेला तशा येत नाहीत. हातात घेतलं तरी वजनानं कळतं.

नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं की रथ म्हणजे नेमकं काय, चाक, आस की जू? यांपैकी एकही रथ नव्हे. सगळे एकत्र आले की त्याला आपण रथ म्हणतो. गाडीलाही हे लागू आहे. पण विकणाऱ्याला ही पळवाट नाही बरं का! खरेदीदार विचारतो ते भागाबद्दल, रथाबद्दल नव्हे.

आता अवघड गोष्ट. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. अशा टॅक्सीच्या छताला ड्रायव्हरनं लावलेलं फुलाफुलांचं रेक्झिन असतं. ते कारखान्याचं नाही, मग उपटून टाकायचं? आम्ही म्हणू, नका. कारखान्याचं साधं अस्तर बाजारात नवं शिवून मिळेल, पण ते ‘तसंच’ असेल, ‘तेच’ नाही. ती फुलं मात्र याच गाडीची आहेत. बदलायचंच असेल तर काढलेला तुकडा भंगारात देऊ नका. मागे तारीख घालून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा आणि गाडी विकताना तो सोबत द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.