किटोने महिन्यात किती वजन उतरेल?

संगमनेरात दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनी हल्ली आम्हाला विचारतात, किटो केल्यावर महिन्यात दहा किलो उतरतात म्हणे, खरे का?

पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, हे खरे. पण ती चरबी नव्हे, बहुतेक पाणीच. शरीरात साठलेल्या साखरेच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. साखर संपली की तेही जाते आणि भाकरी सुरू होताच परत येते. पुढे आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी उत्तम समजावे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर तपासले (२०१८). भात-पोळीसारखे पदार्थ कमी करणाऱ्यांचे सरासरी ६ किलो उतरले, तेल-तूप कमी करणाऱ्यांचे ५.३. फरक तो केवढा!

किटोत बाजरीच्या एक-दोन भाकरींतच दिवसाचा कोटा संपतो. मग पनीर, लोणी, बदाम. रोजंदारीत हे कसे बसायचे? त्यापेक्षा एक भाकरी कमी, मटकी-अंडे जास्त, चहात साखर अर्धी. हे वर्षभर निभते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी सोडू नये. औषध तेवढेच आणि जेवण कमी झाले, तर रक्तातली साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.