जुन्या फोटोतल्या बसच्या मागे तो बंब कसला?

समजा, फॅमिली ग्रुपवर एक ब्लॅक अँड व्हाईट फोटो आला. खाली कॅप्शन: 'पुण्यात एकेकाळी वाफेवर बस चालायची!' बस नेहमीसारखीच, पण मागे आंघोळीच्या पाण्याच्या बंबासारखा एक उभा ड्रम आणि त्यातून इंजिनाकडे गेलेली जाड नळी. फॉरवर्ड करण्याआधी जरा थांबा. ती बहुतेक वाफेची गाडी नाही, कोळशाच्या गॅसवर चालणारी आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, भारतात पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हातात गेलं आणि ब्रह्मदेशातून येणारं तेलही थांबलं. पण माणसांना गावी जायचं होतं, माल पोचवायचा होता. मग आहे त्याच पेट्रोल गाड्यांना 'गॅस प्लांट' बसवले गेले. मुंबई प्रांतात, म्हणजे आपल्याकडेही, एस.टी.च्या आधीच्या खासगी सर्व्हिस मोटारी अशा कोळशावर धावल्या. आज रिक्षाला सीएनजी किट बसवतात, तसंच हे. इंजिन तेच, खाणं वेगळं. फरक इतकाच, की इथे गॅस सिलिंडरमध्ये भरून आणलेला नसायचा. तो गाडीवरच, चालता चालता तयार व्हायचा.

कसा? ड्रममध्ये लोणारी कोळसा भरायचा आणि खालून पेटवायचा. कोळशाला भरपूर हवा मिळाली तर तो जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि खेळ संपतो. इथे हवा मोजून मापून आत घ्यायची. मग तोच कार्बन डायऑक्साइड आजूबाजूच्या लालबुंद कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि हा वायू जळतो. सोबत थोडा हायड्रोजनही असतो. हाच 'प्रोड्युसर गॅस'.

हा गॅस थेट इंजिनात सोडता येत नाही. गरम गॅस फुगलेला असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये कमी मावतो. म्हणून आधी तो लांबलचक नळ्यांमधून थंड करायचा. त्यात राख आणि कोळशाची भुकटी असते, ती पिस्टन घासून टाकेल, म्हणून गाळणी. फोटोत एक मोठा ड्रम, एक छोटा डबा आणि त्यांना जोडणारं नळ्यांचं जाळं दिसलं, तर भट्टी, गाळणी आणि कूलर असं सगळं कुटुंब सापडलं समजा. वाफेच्या गाडीला पाण्याची टाकी आणि बॉयलर लागतो, आणि तिचं इंजिनच वेगळं असतं. इथे पुढे साधं बॉनेट आणि रेडिएटरची जाळी दिसेल.

आता खरी गंमत ड्रायव्हरची. सकाळी चावी फिरवली आणि निघाला, असं नाही. आधी भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवून निखारा फुलवायचा, जळण्याजोगा गॅस येईपर्यंत थांबायचं. प्रोड्युसर गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास नुसता नायट्रोजन असतो, त्यामुळे इंजिनाची ताकद ३० ते ५० टक्के घटायची. भरलेली गाडी कात्रजच्या घाटात चढवताना काय होत असेल, विचार करा. एक लिटर पेट्रोलच्या जागी साधारण दीड किलो कोळसा लागतो, म्हणजे टपावर पोती आलीच. तीही फोटोत शोधा. आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये भट्टी धुमसत राहिली तर जीव जायचा. 'जुगाड' म्हणून हसण्यासारखी ही गोष्ट नाही.

फोटोचं काय करायचं? आधी तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की बारकावे दबतात. एआयने 'एन्हान्स' मात्र करू नका. ते ॲप हरवलेलं काही परत आणत नाही, अंदाजाने भरतं. धूसर ड्रमची छान चकचकीत स्टेपनी होऊन बसेल आणि नेमका पुरावाच पुसला जाईल. गूगल लेन्सला पूर्ण फोटो देण्यापेक्षा फक्त ड्रमचा भाग क्रॉप करून द्या. युरोपातल्या अशा गाड्यांचे फोटो भरपूर आहेत, तुलना पटकन होते.

पण त्याच कारणाने फोटो पुण्याचाच आहे का, हेही तपासा. स्टिअरिंग डावीकडे असेल आणि पाट्या उलट्या वाचाव्या लागत नसतील, तर संशय घ्या. नंबर प्लेटवर एमएच १२ दिसलं तर काळच चुकला. ती पद्धत १९८९ पासूनची. आजूबाजूच्या वास्तूही बोलतात. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, ते मागे दिसत असेल तर फोटो युद्धकाळातला नाही. बसवर एस.टी.चं नाव असेल तर तो १ जून १९४८ नंतरचा, कारण पहिली एस.टी. त्या दिवशी पुणे ते अहमदनगर धावली.

आणि घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल, तर लेन्सच्या आधी त्यांना फोटो दाखवा. नुसतं 'हे काय आहे?' विचारा. 'कोळशाची गाडी' हा शब्द तुम्ही आधी उच्चारू नका, त्यांच्या तोंडून येऊ द्या. फोनचा रेकॉर्डर तेवढा आधीच, त्यांना सांगून, चालू करून ठेवा.