पुराची रेघ आहे, नांवें कोठें आहेत?

ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें पुरें न झालेलें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचा जुना बांधहि टिकला नाहीं, आणि मुठेनें नारायण, शनिवार, कसबा या नदीकांठच्या पेठांत शिरून हाहाकार उडविला. हा इतिहास पुणेकरांस सांगावयास नको. पाणी कोठवर चढलें होतें त्या खुणा जुन्या भिंतींवर अद्यापि दाखविल्या जातात. पाण्याची उंची आम्हीं जपली. पण त्या पाण्यांत कोण गेलें, त्यांचीं नांवें एके ठिकाणीं वाचावयास मिळतील असा दगड नदीकांठीं आमच्या पाहण्यांत नाहीं. किती गेले याविषयींच मुळीं एकवाक्यता नाहीं! सरकारी आकडा एक, लोकांच्या तोंडचा दुसरा. चौकशीचा भर धरण कां फुटलें यावर राहिला. तो असावाच, आमची तक्रार त्याबद्दल नाहीं.

ज्यांच्या घरचें माणूस गेलें त्यांनीं आपापल्या परीनें स्मरण ठेविलें. प्रेत हातीं आलें त्यांनीं तिथि धरून श्राद्ध केलें. ज्यांस तेंहि मिळत नाहीं त्यांनीं काय करावें? धर्मशास्त्रानें त्यांच्यासाठीं पालाशविधि सांगितला आहे; पळसाच्या पानांची आकृति करावयाची आणि तिलाच अग्नि द्यावयाचा. तिथि ठाऊक नसेल त्यास सर्वपित्री अमावास्या मोकळी आहे. आमच्यासारख्या सुधारणेच्या बाजूच्या माणसास असले विधि पुष्कळदां निरर्थक वाटत आले. परंतु प्रेतावांचून शोक कसा करावा या प्रश्नास त्यांनीं उत्तर तरी दिलें, हें कबूल केलें पाहिजे. कायद्याचें उत्तर याहून कोरडें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १०८ वें कलम घ्या, किंवा २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचें १११ वें; ज्याची वार्ता सात वर्षें आप्तांस लागली नाहीं, तो जिवंत आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणारावर पडतो. वकिलासमोर बसलेल्या स्त्रीस याचा अर्थ एवढाच कीं, दुसरा पुरावा न मिळाल्यास सात वर्षें ती ना सधवा, ना विधवा. आणि तिनें कुंकू लावावें कीं नाहीं, याचा निवाडा करण्यास शेजारपाजार मात्र पहिल्याच दिवसापासून तयार!

आतां याच जिल्ह्यांतील दुसरें उदाहरण पाहा. आंबेगांव तालुक्यांतील माळीण ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगर कोसळून गाडलें गेलें. गांव जागेवर नाहीं, ही वर्दी प्रथम एका एस. टी. चालकानें आणली. १५१ माणसें गेलीं. वांचलेल्यांसाठीं नवें गांव आमडे येथें वसविण्यांत आलें. पण जुन्या जागीं मृतांच्या नांवांचा स्मृतिस्तंभ उभा आहे, आणि ३० जुलैला आप्तमंडळी तेथें जमतात. डोंगरांतल्या आदिवासी खेड्यास जें साधलें, तें विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यास साधूं नये काय?

कोणी म्हणेल, खेड्यांत सारे ओळखीचे, यादी सोपी. शहरांत भाडेकरी, परगांवचे मजूर, त्यांचा हिशेब कोणीं ठेवावा? तेंच तर आमचें म्हणणें! ज्याची तसबीर लावावयास घरहि उरलें नाहीं, सार्वजनिक दगडाची गरज त्यालाच अधिक. महापालिकेनें आपल्या मृत्युनोंदी चाळाव्या, आणि गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत जाऊन बसलेल्या पूरग्रस्तांच्या घरीं माणूस पाठवावा. १९६१ सालीं दहा वर्षांचें असलेलें मूल आज पंचाहत्तरीला टेकलें आहे.