दुभाष्या घरीं घडवितांना

मनुष्य आणि संगणक ह्यांची भाषा एक नव्हे. मनुष्य सूचना लिहितो त्या त्याला वाचतां येतील अशा शब्दांत; यंत्राला कळतात ते केवळ अंक. ह्या दोहोंमध्यें बसून एकाचें म्हणणें दुसऱ्याला समजावून देणारा जो प्रोग्राम, त्याला कंपायलर म्हणतात. त्याला दुभाष्या म्हटलें तर अर्थ चटकन ध्यानांत येईल. हा दुभाष्या बहुतेकांना तयार स्थितींत मिळतो. पण कधीं तयार मिळणारी आवृत्ति जुनी असते, कधीं ती घरच्या यंत्राला जुळत नाहीं, आणि कधीं शिकणाऱ्याला त्याचें अंतरंगच पाहावयाचें असतें. अशा वेळीं त्याचें मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात तें, आणून दुभाष्या घरच्या संगणकावरच घडवावा लागतो. हें काम मध्येंच अडतें, आणि अडलें म्हणजे पडद्यावर ओळींचा असा पूर येतो कीं नवशिक्या हात टेकतो. ते अडथळे कोणते आणि त्यांचें मूळ कसें शोधावें, एवढाच येथें विषय आहे.

ह्या विद्येचें एक ठाणें महाराष्ट्रांतच उभें राहिलें. मुंबईंत पवई येथील आय.आय.टी.मध्यें प्राध्यापक उदय खेडकर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं जी.सी.सी. रिसोर्स सेंटर ह्या नांवाचें केंद्र चाललें. जी.सी.सी. हा रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं सन १९८७ मध्यें प्रथम प्रसिद्ध केलेला कंपायलर. त्याचें लाखों ओळींचें लिखाण कोणालाहि वाचण्यास व बदलण्यास खुलें आहे. पवईच्या कार्यशाळांत त्याच्या अंतरंगाबरोबरच तो घडविण्याची रीतहि शिकविली जाई.

कार्यशाळेंत अडलेल्याला शेजारीं जाणता भेटतो. पण समजा, पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यांतील कैनाडचा एखादा विद्यार्थी सुटींत घरीं आला आहे. टेबलावर जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स आहे, आणि इंटरनेट काय तें मोबाइलपुरतें. त्याला ह्या कामाचा उलगडा पडद्यावरच्या ओळींतूनच करून घ्यावा लागणार. त्या ओळी वाचण्याची रीत मात्र शिकतां येण्यासारखी आहे.

कामाच्या पायऱ्या तीन. पहिलीला 'कॉन्फिगर' म्हणतात. कार्याच्या आदल्या दिवशीं जाणती गृहिणी कोठींत काय आहे आणि काय नाहीं हें पाहून घेते, तसा हा प्रोग्राम यंत्रावर काय साहित्य आहे तें तपासतो. दुसरी पायरी 'मेक'. हींत खरें रांधणें होतें आणि तास न् तास जातात. तिसरी 'इन्स्टॉल', तयार झालेलें पदार्थ जागच्या जागीं मांडणें. जी.सी.सी.च्या बाबतींत आरंभींच एक पथ्य आहे: मूळ लिखाण ज्या डिरेक्टरींत असेल तींतच काम सुरू करूं नये, बांधणीसाठीं वेगळी रिकामी डिरेक्टरी करावी. मग कांहीं बिघडलें तर ती पुसून टाकतां येते आणि मूळ लिखाण सोंवळें राहतें. लिखाण आणतांना तें पुरतें उतरलें कीं नाहीं हेंहि पाहावें. जी.सी.सी.चें दाबून बांधलेलें गाठोडें ऐंशी मेगाबाइटांच्या वर जातें. मध्येंच संपर्क तुटला तर तें अपुरें राहतें. त्याबरोबर प्रसिद्ध होणारा चेकसम, म्हणजे पडताळ्याचा आंकडा, जुळवून पाहिला कीं ही शंका मिटते.

आतां मुख्य सूत्र. बांधणी अडली म्हणजे पडद्यावर जी शेवटची ओळ दिसते, ती बहुधा कारण सांगत नाहीं. ती केवळ काम थांबल्याचें जाहीर करते. कारण वर असतें, पहिल्या चुकीपाशीं. ह्याचें नमुनेदार उदाहरण जी.सी.सी.च्याच बांधणींत भेटतें. बराच वेळ काम सुरळीत चालून अचानक संदेश येतो कीं ऑब्जेक्ट फाइलींचा प्रत्यय काढतां येत नाहीं, 'कॉन्फिग-लॉग' पाहा. नवशिक्या प्रत्ययाच्या शोधांत दिवस घालवितो. वस्तुतः प्रत्ययाचा येथें कांहीं संबंध नसतो. नव्यानें घडलेल्या दुभाष्याला एक छोटें वाक्य भाषांतरासाठीं दिलें गेलें आणि तो उठलाच नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. कां उठला नाहीं, हें संदेशांत सांगितलेल्या 'कॉन्फिग-लॉग' फाइलींत लिहिलेलें असतें. मात्र तशा नांवाच्या फाइली अनेक असतात. पाहावयाची ती वरच्या डिरेक्टरींतील नव्हे, तर आंत 'लिब-जी.सी.सी.' नांवाच्या डिरेक्टरींत असते ती. शिवाय ह्या फाइलीचा शेवटचा भाग म्हणजे नुसती जंत्री. खरी ओळ तिच्या वर सांपडते. ती ओळ पुष्कळदां अशी असते कीं एम.पी.सी. नांवाची लायब्ररी चालूं करतांना मिळाली नाहीं.

ही एम.पी.सी. म्हणजे काय? जी.सी.सी.ला गणितासाठीं तीन सोबती लागतात. जी.एम.पी. प्रचंड पूर्णांकांचें गणित करते, एम.पी.एफ.आर. अपूर्णांकांचें, आणि एम.पी.सी. संमिश्र संख्यांचें. दुसरी पहिलीवर आणि तिसरी दोघींवर विसंबून असल्यानें त्या ह्याच क्रमानें घडवाव्या लागतात. त्या स्वतंत्रपणें आडवाटेच्या ठिकाणीं बसविल्या तर बांधतांना सांपडतात, पण चालवितांना सांपडत नाहींत. सोपा उपाय असा कीं मूळ लिखाणाबरोबरच 'डाउनलोड प्रिरिक्विझिट्स' नांवाची एक छोटी आज्ञावली येते, ती आधीं चालवावी. ती हे तिन्ही सोबती आणून लिखाणाच्याच घरांत ठेवते. तिला इंटरनेट लागतें, म्हणून जेथें संपर्क चांगला असेल तेथेंच हें काम उरकून घ्यावें.

ह्याच जातीचा दुसरा घोटाळा फार सामान्य आहे. लायब्ररी यंत्रावर आहे, आणि तरी बांधणी म्हणते कीं ती नाहीं. ह्यांत विसंगति नाहीं. तयार प्रोग्राम चालवावयास नुसती लायब्ररी पुरते. पण नवा प्रोग्राम तिच्याशीं जोडावयाचा तर तिची अनुक्रमणिकाहि लागते. तिला हेडर फाइल म्हणतात. डेबियन व उबुंटु ह्या लिनक्सच्या प्रकारांत ती वेगळ्या पुडक्यांत मिळते आणि त्या पुडक्याच्या नांवाला 'डेव्ह' हें शेपूट असतें. तें पुडकें बसवून कॉन्फिगर पुनः चालविलें कीं तक्रार जाते. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर जी.सी.सी. आपण होऊन बत्तीस बिटांचीहि तयारी करूं पाहतो आणि तिच्या हेडर फाइली न मिळाल्यानें अडतो. ती तयारी नको असेल तर आरंभींच 'डिसेबल मल्टिलिब' असें सांगून टाकावें.

साहित्य पुरें असूनहि काम मोडतें, तेव्हां दृष्टि यंत्राकडे वळवावी. येथें एक उत्तम कसोटी आहे. मोडलेलें काम कांहीं न बदलतां पुनः चालवावें. तें दर वेळीं त्याच ओळीवर मोडलें तर दोष लिखाणांत किंवा साहित्यांत. दर वेळीं निराळ्या ओळीवर मोडलें तर संशय यंत्रावर घ्यावा. पंख्यांत साचलेल्या धुळीनें तापलेला प्रोसेसर किंवा एखादी खराब मेमरीची पट्टी इतर कामांत लपून राहते. कंपायलरच्या बांधणींत मात्र तास न् तास प्रत्येक भागाला ताण पडतो आणि दोष उघडा होतो. मेमटेस्टसारखा प्रोग्राम रात्रभर चालवून ह्याची खातरजमा करतां येते.

'किल्ड', म्हणजे मारला गेला, असा एकच शब्द येऊन काम थांबलें तर कारण बहुधा वेगळें असतें. घाईनें मेकला एकाच वेळीं चार-आठ कामें सांगितलीं, मेमरी अपुरी पडली, आणि लिनक्सनें यंत्र वांचविण्यासाठीं सर्वांत खादाड प्रोग्राम बंद केला, असा हा प्रकार होय. कामें एकामागून एक करावयास सांगावीं किंवा डिस्कवर स्वॅपची जागा वाढवावी. वेळ लागेल, पण काम पुरें होईल.

जुन्या डेस्कटॉपचा आणखी एक दोष कोणाच्या ध्यानीं येत नाहीं, तो म्हणजे घड्याळाचा. कोणती फाइल पुनः घडवावयाची हें मेक त्या फाइलीच्या वेळेवरून ठरवितो. मूळ फाइल नवी आणि घडलेली जुनी, तर ती पुनः घडवावयाची. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यावर यंत्राचें घड्याळ वर्षानुवर्षें मागें जातें, आणि मेकचा सारा हिशेब उलटा होतो. 'क्लॉक स्क्यू' असा इशारा दिसला तर बॅटरी बदलावी, तारीख लावावी आणि बांधणीची डिरेक्टरी पुसून आरंभापासून सुरुवात करावी. नुसती वीज गेली असेल तर एवढें करावें लागत नाहीं. मेक जेथें थांबला तेथून पुढें चालतो. मात्र त्या क्षणीं लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते आणि वेळेवरून मेक तिला पुरी समजतो. पुढें ती फाइल तुटकी असल्याची तक्रार आली तर तेवढी एक पुसावी.

आतां सर्वांत मौजेचा भाग. दुभाष्या घडवावयाला दुभाष्याच लागतो. सन २०१३ मध्यें निघालेल्या ४.८ ह्या आवृत्तीपासून जी.सी.सी. घडवावयास सी प्लस प्लस भाषेचा कंपायलर आधीं यंत्रावर असावा लागतो. दहीं लावावयाला जसें विरजण हवें, तसेंच हें. विरजण फारच जुनें असेल, म्हणजे आधींचा कंपायलर नव्या लिखाणाला अपुरा असेल, तर मधली एखादी आवृत्ति आधीं घडवून पायरीपायरीनें वर जावें लागतें. जी.सी.सी. ह्यांत आणखी एक दक्षता घेतो. यंत्रावरच्या दुभाष्याकडून तो पहिला जी.सी.सी. घडवितो, पहिल्याकडून तेंच लिखाण देऊन दुसरा, आणि दुसऱ्याकडून तिसरा. दुसरा आणि तिसरा तंतोतंत सारखे निघाले पाहिजेत. न निघाले तर 'बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर' असें जाहीर होतें. ही तपासणी टाळून दुभाष्या वापरावयास घेणें धोक्याचें होय. कारण त्याच्या हातून पुढें होणारें प्रत्येक भाषांतर संशयास्पद ठरतें.

परंतु विरजणाचा गुण दह्यांत उतरतो तसा दोषहि उतरतो. युनिक्सच्या जनकांपैकीं एक केन थॉम्प्सन ह्यांनीं ट्यूरिंग पारितोषिकाच्या निमित्तानें दिलेलें व्याख्यान सन १९८४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं कंपायलरमध्यें एक चोरदरवाजा असा लपवितां येतो कीं तो निर्मळ लिखाणापासून घडविलेल्या पुढच्या कंपायलरमध्येंहि आपोआप शिरतो. मूळ लिखाण कितीहि वाचलें तरी तो सांपडत नाहीं, आणि वर सांगितलेल्या तीन पायऱ्यांच्या तुलनेंतहि दिसत नाहीं. ह्यावर डेव्हिड व्हीलर ह्यांनीं सन २००९ च्या आपल्या प्रबंधांत उपाय मांडला, तो असा कीं अगदीं वेगळ्या घराण्याच्या कंपायलरकडून तेंच लिखाण घडवून शेवटचे निकाल ताडून पाहावे. लिखाण खुलें आहे आणि तें कोणालाहि स्वतः घडवितां येतें, म्हणूनच अशी पडताळणी शक्य होते. घरीं दुभाष्या घडविण्याच्या खटपटीला ह्यामुळें मोल आहे.

शेवटची सावधगिरी यशाविषयीं. काम न अडतां संपलें म्हणजे तें बरोबर झालेंच असें नव्हे. पायथन ही भाषा मूळ लिखाणावरून घडवितांना कांहीं साहित्य नसलें तरी बांधणी थांबत नाहीं. ते भाग गाळून ती पुढें जाते आणि कोणते भाग झाले नाहींत ह्याची यादी तेवढी देते. ती यादी न वाचणाऱ्याला पुढें केव्हां तरी कळतें कीं सुरक्षित संकेतस्थळाशीं बोलणारा 'एस.एस.एल.' हा भागच आपल्या पायथनमध्यें नाहीं. म्हणून शेवटचीं पानें वाचावीं आणि 'मेक टेस्ट' ही परीक्षा घ्यावी, जी.सी.सी.साठीं हीच परीक्षा 'मेक चेक' ह्या नांवानें होते. बसवितांनाहि नवा पायथन 'ऑल्ट-इन्स्टॉल' ह्या आज्ञेनें बसवावा, म्हणजे 'पायथन ३' हें नांव जुन्याकडेच राहतें. कारण लिनक्सचीं स्वतःचीं कित्येक कामें त्याच नांवावर अवलंबून असतात.

कैनाडच्या त्या विद्यार्थ्याजवळ जाणता नाहीं हें खरें. पण यंत्र मुकें नाहीं. काय मिळालें नाहीं, कोठें मोडलें आणि काय गाळलें, हें सारें तें लिहून ठेवतें. शेवटच्या ओळीवर न थांबतां पहिल्या चुकीपर्यंत वर जाणें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पुनः पाहणें, एवढा धीर ज्याच्यापाशीं आहे त्याचा दुभाष्या आज ना उद्यां बोलूं लागतो.